तळ्याकाठी संपूर्ण शांतता

१० मार्च, सोमवार. पहाटे ५.१०

आजपासून मी कॅम्प होस्ट. गजर पाचचा होता. दहा मिनिटं विचारात गेली, झोपेत नाही.

जागा फर्स्ट क्लास. खर्ड्यापासून सहा किलोमीटरवर तळेवाडी, गावाबाहेर तळं, तळ्याकाठी हे लांबरुंद मैदान. चौदा टेंट, सहा संडास (चालू चार), पत्र्याचं ऑफिस, त्यातच माझी कॉट. मालक रविराज पुण्यात असतो, मला काका म्हणतो. त्याने एकच सूचना दिली. काका, मैदान वडलांच्या काळापासून गावाच्याही वापरात आहे, तेवढं गावाशी बोलून घ्या. मी हो म्हणालो.

भिंगारला सत्तावीस वर्षं मिलिटरी डेपोत स्टोअरकीपर होतो. सिस्टीम रक्तात आहे. मुदतीआधी निवृत्ती घेतली ती याच कामासाठी, निसर्गासाठी. कृपाला न विचारता घेतली, असं कृपाचं म्हणणं. मी सांगणारच होतो. योग्य वेळ मिळायच्या आत डेपोचं पत्र घरी आलं आणि ते तिने फोडलं.

तेव्हापासून ती सुप्याला आहे, जॉयकडे, म्हणजे तिच्या भावाकडे. भांडण वगैरे काही नाही. दोन बॅगा आणि शिवणाचं मशीन घेऊन गेली, एवढंच.

सीझनचे ठराव: पाचला उठणे. आणि रोज निदान एकदा कुणाला तरी 'नाही' म्हणणे. जाताना कृपा म्हणाली होती की तुम्ही जगाला हो म्हणत सुटता आणि निस्तरायला मी. मला हे पटत नाही. माझा स्वभाव सौजन्याचा आहे. पण प्रयोग करायला हरकत नाही.

१२ मार्च, बुधवार

उठलो ७.२० ला. उशी जबाबदार.

वॉचमन मच्छिंद्रनाना, गावातलाच, साठी ओलांडलेला. माणूस प्रामाणिक, पण सिस्टीम नाही. ऑफिसात त्याने तिथीवारांचं कॅलेंडर टांगलंय, त्यात इतकी बारीक अक्षरं की डोकं उठतं. मी त्यावर आपल्या मंडळीचं, म्हणजे चर्चचं, कॅलेंडर लावलं. महिन्याला बायबलचं एक वचन, आकडे मोठे, गर्दी नाही. नाना म्हणाला, खालचं काढू नका साहेब, लागतंय. मी हो म्हणालो. राहू दे बापडं मागे.

'नाही' : शून्य. संधी आली नाही.

१६ मार्च, रविवार

टेंट नंबर सात पाण्याच्या सगळ्यात जवळ आहे. तो पुण्याच्या जोडप्याला देतो म्हणालो होतो. बीडच्या डॉक्टर कुटुंबालाही देतो म्हणालो होतो. दोघंही एकाच वेळी आले. आवाज थोडे चढले. शेवटी डॉक्टरांना माझं ऑफिस आणि माझी कॉट दिली आणि मी व्हरांड्यात पथारी टाकली. होस्ट म्हणजे त्याग, हे रविराजला कळलं पाहिजे.

डास फार.

२० मार्च, गुरुवार. दुपारी ३

कृपाचा फोन. स्वतःहून. मी तिसऱ्या रिंगला उचलला, उगाच अधीर दिसायला नको.

हकिगत अशी. सुप्याच्या एका बालवाडीत तिला बाईंची जागा मिळतेय. बावीस एप्रिल, मंगळवारपर्यंत उत्तर द्यायचंय. हो म्हणाली तर ती तिकडचीच झाली. जॉयने वरची खोलीही रिकामी करून ठेवली आहे. त्याच्या आदल्या दिवशी, ईस्टरच्या दुसऱ्या दिवशी, भिंगारच्या महिला मंडळाची सहल आहे. ती सहल तळेवाडीला आणायची का, असं तिने विचारलं. चोवीस बायका आणि चर्चचे पाळकसाहेब. ती सुप्याहून जॉयच्या गाडीने येईल.

मग म्हणाली, सव्वीस वर्षं भिंगारच्या त्या रस्त्यावरच्या खोलीत काढली. ट्रकचे हॉर्न, वराती, पहाटेचा बिगुल. माझं डोकं कधी थांबलं नाही. तुम्ही म्हणता तिथे शांतता आहे. मला एक दिवस तुमच्या शब्दाप्रमाणे दाखवा. तेवढा एक दिवस दाखवलात तर मी बालवाडीला नाही कळवते आणि तिकडे येते.

मी शब्द दिला. पान हललं तरी तुला विचारून हलेल, असं म्हणालो. तिने हेही विचारलं की त्या दिवशी गावात काही कार्यक्रम नाही ना, नीट चौकशी करून सांगा. मी म्हणालो, हो, केली आहे. करणारच होतो, म्हणजे केल्यासारखीच.

फोन ठेवल्यावर संडास नंबर पाच स्वतः दुरुस्त केला. आता तोही चालत नाही आणि चार नंबरचाही चालत नाही.

३१ मार्च, सोमवार

काल गावात पाडवा झाला. आज आप्पासाहेब आले. गावातले वजनदार गृहस्थ, पांढरी टोपी, बोलणं सावकाश. मी त्यांना खुर्ची दिली आणि कॅम्पची नियमावली वाचून दाखवली. नियम एकोणीस आहेत. त्यांनी सगळे ऐकले.

मग म्हणाले, आमच्या भैरवनाथाची यात्रा असती बगा, चैत वद्य अष्टमीला. दुपारी कुस्त्यांचा हगामा हुतो, तो हितंच, ह्या मैदानात, आज्याच्या काळापासनं. तुमची काई अडचन न्हाई ना?

मी म्हणालो, हो हो, खुशाल घ्या. ते इतके खूश झाले की दोन्ही हातांनी माझा हात धरला. गावाशी बोलून घ्यायचं काम फत्ते.

नंतर तारीख काढली. चैत्र कालच लागला, एप्रिल उद्या लागतोय, म्हणजे दोन्ही जवळपास एकच. अष्टमी म्हणजे आठ. आठ एप्रिल, मंगळवार. मंडळीच्या कॅलेंडरवर आठला लाल गोल केला. त्या दिवशी एकही बुकिंग नाही. यालाच प्लॅनिंग म्हणतात. 'वद्य' काय ते नानाला विचारणार होतो, पण होस्टने वॉचमनला विचारणं बरं दिसत नाही.

एकवीस तारखेला हिरवा गोल केला. कृपा.

८ एप्रिल, मंगळवार

सकाळपासून इस्त्रीचा शर्ट घालून बसलो. कुणी आलं नाही. पैलवान नाहीत, हलगी नाही, काही नाही. अकराला नानाला म्हटलं, कुस्त्यांचं काय झालं. तो म्हणाला, अजून येळ हाय की साहेब. दुपारी चारला परत विचारलं तर तेच म्हणाला. सहापर्यंत वाट पाहिली.

यावरून निष्कर्ष: नियमावली ऐकून गावाने कुस्त्या रद्द केल्या किंवा दुसरीकडे हलवल्या. नियम नंबर चौदा (मोठा आवाज करू नये) त्यांना विशेष पटलेला दिसतो. माणसाने ठाम राहिलं की जग बदलतं. हे कृपाला सांगायचं.

१० एप्रिल, गुरुवार

आप्पासाहेबांनी नानाकरवी माझा फोटो मागवला. कशाला ते नाना सांगत होता, पण तेवढ्यात टँकर आला. डेपोच्या निरोप समारंभातला दिला, कोट घातलेला. ग्रामपंचायतीत लावणार असतील.

टेंटमध्ये दुपारी बेचाळीस डिग्री. पाहुणे झाडाखाली बसून टेंटकडे बघतात.

'नाही' : आज एक. कुत्र्याला. तरी ते आत आलं.

१३ एप्रिल, झावळ्यांचा रविवार

जामखेडला उपासनेला जायचं नक्की ठरवलं होतं. एका ग्रुपला सकाळी पोहे करून देतो म्हणालो होतो, ते करता करता साडेअकरा झाले.

भिंगारला कृपा दरवर्षी झावळीचा छोटा क्रूस करून माझ्या खिशाला लावते. मी शिंदीच्या पानाचा करून बघितला. बोटं कापली, क्रूस झाला नाही. मग ऑफिसात बसून एकट्यानेच एक गीत म्हटलं. दुसऱ्या कडव्याला अडलो. दुसरा सूर तिचा असतो, त्यामुळे मला ते कडवं कधी नीट पाठच झालेलं नाही.

मला तिच्याशिवाय करमत नाही. हे इथे लिहिलंय, कुणी वाचणार नाही.

१७ एप्रिल, गुरुवार

गाव माझ्यासाठी झटतंय. सकाळी ट्रॅक्टर आला आणि मैदानाचा मधला भाग भुसभुशीत नांगरून, गोल करून गेला. मग आठदहा जणांनी खडे वेचले. त्यावर तेल, हळद आणि कॅनभर ताक ओतलं. मी नानाला समजावलं, हळद जंतुनाशक असते, टेंटखाली किडामुंगी येत नाही, ही जुनी देशी पद्धत आहे. त्यांना माझे आभार सांग. नानाने ताकाचा रिकामा कॅन उचलून कडेला ठेवला. मग म्हणाला, सांगतो.

कृपाचा टेंट बरोबर त्या मऊ मातीच्या कडेला लावला. पाय ठेवला की गादीसारखं.

१८ एप्रिल, गुड फ्रायडे

उपास. दुपारी गावकऱ्यांनी मांडव घातला, बऱ्यापैकी मोठा. महिला मंडळाला सावली होईल. मी न सांगता त्यांना हे सुचलं. भरून आलं.

मातीभोवती बांबूंचं कुंपणही घातलंय. कशाला ते कळलं नाही. गुरं येऊ नयेत म्हणून असेल.

१९ एप्रिल, शनिवार. सकाळी १०

लिंबावर चार कर्णे बांधले. एकाचं तोंड बरोबर कृपाच्या टेंटकडे आहे.

आता मात्र नानाला विचारलं. तो म्हणाला, परवा अष्टमी न्हाई का साहेब. मी म्हटलं, अष्टमी आठ तारखेला झाली. त्याने मंडळीचं कॅलेंडर वर उचललं आणि मागच्यावर बोट ठेवलं. चैत्र वद्य अष्टमी, एकवीस एप्रिल, सोमवार. भैरवनाथ यात्रा असं त्याने स्वतः पेनने लिहिलेलं होतं. जानेवारीतच लिहिलं म्हणाला. मी म्हटलं, मग बोलला का नाहीस. तो म्हणाला, धा डाव बोललो साहेब. तुमी हो म्हनायचे आन् निगून जायचे.

मी कॉटवर बसलो. उपास काल होता, त्याचा परिणाम.

१९ एप्रिल. दुपारी १

प्लॅन: आप्पासाहेबांना भेटून कुस्त्या मंगळवारवर ढकलणे. एका दिवसाचा तर प्रश्न. समजूतदार माणूस आहे.

१९ एप्रिल. संध्याकाळी ६

वेशीतच फ्लेक्स लागलाय. वीस फुटी. वर भैरवनाथ, खाली दोन पैलवान, आणि कोपऱ्यात कोटातला मी. मैदान उपलब्ध करून दिल्याबद्दल श्री. यशया पाटोळे साहेब यांचे ग्रामस्थांतर्फे जाहीर आभार.

आप्पासाहेब म्हणाले, फुडं कसं ढकलायचं साहेब, देवाचा दिवस हाय त्यो. चार जिल्ह्यांचे पैलवान निगाल्यात. आन् तुमीच तर म्हनलाव खुशाल घ्या. मी त्यांना निदान अकरा ते चार हलगी बंद ठेवायला सांगितलं. ते हसले नाहीत, एवढा चांगला माणूस. फक्त म्हणाले, हलगीबिगर कुस्ती म्हंजी कसं व्हायचं.

त्यांच्या घरच्यांनी, मुक्ताबाईंनी, पिठलं-भाकरी वाढली. मी तोंडात घास घेतला आणि सगळं सांगून टाकलं. कृपा, बालवाडी, शांतता, शब्द. असं मी कुणाला सांगत नाही. मुक्ताबाई म्हणाल्या, भाऊ, वैनीला आमच्या मागल्या खोलीत बसवा, लई आवाज न्हाई येत. पन आदी त्यास्नी फोन करा. आजच करा. चुकलं म्हना. बाईमानसाला कळतंय.

मी हो म्हणालो.

२० एप्रिल, ईस्टर. सकाळी ९

फोन केला. ख्रिस्त उठला आहे, म्हटलं. तीही म्हणाली. आवाज छान होता तिचा. म्हणाली, उद्या नक्की ना सगळं, मी डोक्याची गोळीसुद्धा बरोबर घेत नाहीये. गमतीने म्हणाली. गेल्या चार महिन्यांत पहिल्यांदा गमतीने काही म्हणाली.

मी म्हणालो, हो, सगळं नक्की.

२० एप्रिल. सकाळी ११

पुन्हा फोन करून खरं सांगणार. जेवण झाल्यावर.

२० एप्रिल. दुपारी ४

चारला सांगण्यात अर्थ नाही, तिची आवराआवर चालू असेल. उद्या समोरासमोर सांगू. नाहीतर असं सांगता येईल की गाव अचानक घुसलं, मी विरोध केला. तसा तो केलाच की. हलगीबाबत केला.

रविराजला फोन केला. तो म्हणाला, काका, अष्टमीला कोणी बुकिंग घेतं का? मी तर लहानपणी तिथेच रेवड्यांच्या कुस्त्या खेळलोय. फार मदत झाली नाही.

२१ एप्रिल, सोमवार. सकाळी ६

संपूर्ण शांतता. बगळे आहेत. तिने आत्ता यायला हवं होतं.

२१ एप्रिल. सकाळी ९.४०

टेम्पो, जीपा, ट्रॅक्टर. दोन हजार माणूस असेल. लंगोटावरचे पैलवान टेंट नंबर एक ते सहामध्ये तेल लावतायत. नियमावलीच्या बोर्डावर कुणीतरी धोतर वाळत घातलंय. सहाच्या सहा संडासांपुढे रांग, चालू तीन. एकवीस नारळ माझ्या कॉटवर. कानांत हलगी भरून राहिलीय, अक्षर असं येतंय.

२१ एप्रिल. सकाळी १०.५०

ती आली. जॉयने गाडी लांब लावली, तिथून दोघं चालत आली. निळी साडी. माझ्यासमोर उभी राहिली आणि काही बोलली, ते हलगीत ऐकू आलं नाही. मी तिच्या कानाशी ओरडून सांगितलं की आज सकाळी गाव अचानक घुसलं, मला काहीच कल्पना नव्हती, मी खूप विरोध केला.

ती म्हणाली, असू दे. तुम्ही काय करणार. आणि माझ्या कॉलरवरचा नारळाचा काथ्या काढला. मला वाटलं, वाचलो.

मग तिने पदर डोक्यावरून कपाळापर्यंत घट्ट ओढला आणि मांडवात बसली.

२१ एप्रिल. दुपारी २

परिस्थिती सुधारतेय. महिला मंडळ खूश आहे. पाळकसाहेबांना फेटा बांधला, त्यांनी दोन कुस्त्यांची जोडही लावून दिली. बायका टाळ्या वाजवतायत. मुक्ताबाईंनी कृपाला सरबत दिलं, दोघी बोलत बसल्या. कृपा एकदा हसली. मी बघितलं. मी टेंटमागे उभा होतो.

ती राहील असं वाटतंय. चादर बदलून ठेवली.

२१ एप्रिल. दुपारी ३.३०

आता सत्काराला बोलावतायत मला. कर्ण्यातून. टाळता येणार नाही.

२२ एप्रिल, मंगळवार

काल सत्कारानंतर लिहिलं नाही.

शाल, नारळ, फेटा. आप्पासाहेबांनी स्वतः माईक घेतला. म्हणाले, गावाला धाकधूक हुती, नवा मानूस, परगावचा, दुसऱ्या धर्माचा, मैदान देतोय का न्हाई. पन साहेबांनी पाडव्याच्या दुसऱ्या दिवशी, म्हंजी तीन हप्त्यांपूर्वी, एका शब्दात हो म्हनलं. असा मानूस मिळत न्हाई. दोन हजार लोकांनी टाळ्या वाजवल्या. चार कर्ण्यांतून तळ्यापलीकडेपर्यंत गेलं ते. मला मांडवातला निळा पदर दिसत होता. तो हलला नाही.

पाचला कुस्त्या संपल्या. हलगी थांबली. महिला मंडळाची गाडी गेली. लोक पांगले आणि मैदानात खरोखर शांतता झाली. कृपा टेंटपाशी आली. मी चादर दाखवली. ती बसली नाही.

हळू आवाजातच बोलली. म्हणाली, डोकं दुखलं, पण ते मी सोसलं असतं. कुस्त्या चांगल्या होत्या. मुक्ताबाईंनी मला सगळं सांगितलं होतं, तुम्हाला शनिवारीच माहीत होतं तेही. काल सकाळी तुम्ही फोन केलात तेव्हा चुकलं एवढं म्हणाला असता तरी मी आले असते. आजसुद्धा दुपारभर वाट बघत होते की उठून येऊन सांगाल.

मी फेट्यातच उभा होतो. तो कसा सोडतात ते मला माहीत नाही.

मग तिने विचारलं, बालवाडीला मी येते म्हणून कळवू का?

बेचाळीस दिवस झाले त्या ठरावाला. मी लिहिलं होतं, संधी आली नाही म्हणून. ती टेंटच्या दोरीला धरून उभी होती, आणि घाईत नव्हती. जॉयने हॉर्नही वाजवला नाही. माझ्या मनात होतं ते मला पूर्ण माहीत होतं. नको कळवूस, नाही, राहा, माझं चुकलं.

तिने अजून एकदा विचारलं, कळवू ना?

मी हो म्हणालो.